पहिली गाडी घेताय? आधी पाय टेकवून बघा

नांदेडची एमएच-२६ असो की लातूरची एमएच-२४, मुहूर्त पाडव्याचा नाहीतर दसऱ्याचा. तो जरूर साधा, पण आठ दिवस आधी शोरूमला जाऊन गाडीवर बसा. दोन्ही पाय नीट टेकतात का? स्टँड काढून गाडी मागे ढकला, वजन तिथंच कळतं. माझ्या मते नवशिक्याला १०० ते १२५ सीसी भरपूर झाली. त्यापुढच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. भाव ऑन-रोडच विचारा. त्यात रोड टॅक्स आणि ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा धरलेला असतो.

हेडलाइट मात्र अंधार पडल्यावर तपासा. लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या चालतात, कित्येकींना मागे दिवाच नसतो. आणि आयएसआय हेल्मेटचे पैसे गाडीच्या आधी बाजूला काढा.