असं का? : शर्टावरचं जाकीट

सकाळी जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातून खमरियाच्या फॅक्टरीकडे निघालेल्या मोटारसायकलस्वाराच्या डोक्यावर हेल्मेट असतं. अंगात मात्र नुसता इस्त्रीचा शर्ट. ताशी 40 किलोमीटर वेगात पडलेला माणूस डांबरावर सुमारे 10 मीटर घसरत जातो. डांबर म्हणजे खडीची किसणीच. सुती कापड लगेच फाटतं. पॉलिएस्टर तर घर्षणाने तापून वितळतं आणि कातडीला चिकटतं. मोटारसायकलवर घालायच्या जाकिटाचा जाड नायलॉन झिजायला वेळ घेतो, तेवढ्यात माणूस थांबतो. जाकिटाच्या कोपरांतले पॅड दबत दबत धक्का लांबवतात, झेल घेताना आपण हात मागे नेतो तसे. जबलपूरच्या मे महिन्यात जाळीदार जाकीट बरं. घेताना ऑफिसच्या शर्टावरच घालून बघा. हात वाकवल्यावर पॅड कोपरावरून सरकला, तर माप चुकलं.