दुव्यावरून सुरू होणारे सॉफ्टवेअर : सोय आणि विश्वास

संकेतस्थळावरील दुव्यावर क्लिक केले असता सामान्यतः दुसरे पान उघडते. काही दुवे मात्र संगणकावर स्वतंत्र सॉफ्टवेअर सुरू करतात. हा फरक मूलभूत आहे. ब्राउझरमधील पानाला संगणकावरील फायलींपर्यंत परस्पर पोहोचू दिले जात नाही; स्वतंत्र सॉफ्टवेअर मात्र त्या वाचू, बदलू व पुसूही शकते. म्हणूनच अशा दुव्याचा विचार सोयीइतकाच विश्वासाच्या अंगानेही करावा लागतो.

वेब स्टार्टची कार्यपद्धती

पूर्वी प्रत्येक संगणकावर सीडीवरून सॉफ्टवेअर बसवावे लागे आणि नवी आवृत्ती निघाली की तोच खटाटोप पुन्हा करावा लागे. यावर उपाय म्हणून सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००१ मध्ये ‘जावा वेब स्टार्ट’ ही सुविधा आणली. यात दुव्यामागे जेएनएलपी प्रकारची छोटी फाईल असते. सॉफ्टवेअरचे भाग कोठून घ्यावयाचे, जावाची कोणती आवृत्ती लागेल व कोणत्या परवानग्या हव्यात, याची नोंद तीत असते. संगणकावरील जावा प्रणाली ही फाईल वाचून आवश्यक भाग उतरवून घेते, साठवून ठेवते आणि सॉफ्टवेअर ब्राउझरबाहेर सुरू करते. पुढील वेळी नवी आवृत्ती आली आहे काय, एवढेच तपासले जाते. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये याच धर्तीवर ‘क्लिकवन्स’ आणले. वेब स्टार्ट मात्र २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून वगळण्यात आले.

स्वाक्षरीचे महत्त्व

वेब स्टार्टच्या मूळ रचनेत स्वाक्षरी नसलेले सॉफ्टवेअर मर्यादित चौकटीतच चाले. पूर्ण परवानगीसाठी डिजिटल स्वाक्षरी आवश्यक असे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता मिळाली. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांना परवाने देण्याचे काम या कायद्याने नियंत्रकाकडे सोपविले आहे. तथापि, सॉफ्टवेअरवरील स्वाक्षरीतून दोनच गोष्टी कळतात : ते कोणाचे आहे आणि वाटेत त्यात बदल झालेला नाही. ते निर्धोक असल्याची हमी स्वाक्षरी देत नाही.

संमतीचा टप्पा

सॉफ्टवेअर आधीच बसविलेले असल्यास दुसरा मार्ग उपलब्ध असतो. ते सॉफ्टवेअर दुव्याच्या प्रारंभी येणारा विशिष्ट शब्द कार्यप्रणालीकडे नोंदविते. ‘मेलटू’ने सुरू होणारा दुवा ईमेलचे सॉफ्टवेअर उघडतो, तो याच पद्धतीने. अपरिचित सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी ब्राउझर बहुधा वापरकर्त्याची संमती विचारतो. ही विचारणा टाळण्यासाठी झूमच्या मॅक आवृत्तीने संगणकावर एक सर्व्हर चालू ठेवल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. त्यामुळे एखादे संकेतस्थळ वापरकर्त्याला न विचारता बैठकीत जोडू शकत होते. कॅमेराही सुरू होण्याचा धोका होता. पुढे तो सर्व्हर काढून टाकण्यात आला.

भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत हेच तत्त्व मोबाईलवर दिसते. दुवा पैसे देण्याचे ॲप उघडतो. पैसे मिळणाऱ्याचे नाव व रक्कम समोर येते. पिन देण्यापूर्वी हा तपशील पडताळणे वापरकर्त्याच्याच हाती असते. दुव्याने काम सुरू करावे, परंतु निर्णय नागरिकाचा असावा, हेच या तंत्राच्या सुरक्षित वापराचे सूत्र होय.