स्पॉकच्या चेहऱ्यावरचा निळा उजेड

धोक्याचा भोंगा वाजतो, कप्तान कर्क खुर्चीतून मागे वळतो आणि एकच नाव घेतो: स्पॉक. स्पॉक आधीच आपल्या जागी वाकलेला असतो. एका काळ्या, खोलगट झडपेत त्याने डोळे घातलेले असतात आणि आतून येणारा निळसर उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडलेला असतो. आत काय दिसतंय ते आपल्याला दाखवत नाहीत. तो मान वर करून जेवढं सांगेल तेवढंच आपल्याला कळतं: हवा श्वास घेण्याजोगी आहे, कधीकाळी इथे वस्ती होती, आता जिवंत कुणी नाही.

‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आली, रविवारी सकाळी. एन्टरप्राइझ यानाचा वेग आणि त्याच्या तोफा यांचं कौतुक तेव्हाही सगळ्यांना होतं. मला मात्र तो निळा उजेड सोडत नसे. आजही सोडत नाही. त्या यानावरची शोधयंत्रणा, म्हणजे सेन्सर, स्कॅनर आणि खांद्याला अडकवायचा तो ट्रायकॉर्डर, ही मला या मालिकेची सगळ्यात मोठी निर्मिती वाटते.

स्पॉकचं काम आपल्याला परकं वाटत नाही, कारण ते संजयाचं काम आहे. धृतराष्ट्र विचारतो, संजय सांगतो, आणि अख्खं युद्ध आपण त्या सांगण्यातून पाहतो. धृतराष्ट्र आंधळा होता. कर्क डोळस आहे, पण अंतराळाचा पसाराच असा की तिथे प्रत्येक डोळस माणूस धृतराष्ट्रच होतो. समोरच्या मोठ्या पडद्यावर चांदण्यांखेरीज काही नसतं. म्हणून संजय लागतो.

पैशांचं गणितही होतंच. जीन रॉडनबेरी यांच्या या मालिकेला दर आठवड्याला एक नवं जग उभं करायचं होतं, आणि खर्चाला मर्यादा होती. दर वेळी यान ग्रहावर उतरवण्याची दृश्यं परवडेनात, म्हणून माणसांना किरणांतून खाली पाठवणारा ट्रान्सपोर्टर आला. सेन्सरनेही असाच खर्च वाचवला. जे दाखवणं महाग पडलं असतं ते स्पॉकने एका वाक्यात सांगून टाकलं. पण अडचणीतून आलेल्या या युक्तीने मालिकेला एक स्वभाव दिला. इथली माणसं आधी मोजतात, मग बोलतात. निदान चांगल्या भागांत तरी.

ट्रायकॉर्डर हा या कुटुंबातला धाकटा, आणि सगळ्यांचा लाडका. काळी पेटी, लांब पट्टा, वर उघडणारं झाकण, त्यात छोटा पडदा आणि खाली एक खण. मोजणं, नोंदवणं आणि हिशेब करणं ही तीन कामं एकाच पेटीत, म्हणून नावात ‘ट्राय’. १९६६ साली संगणक खोली भरून उरत असे, हे लक्षात घेतलं की त्या पट्ट्यातलं धाडस कळतं.

ही पेटी घडवणाऱ्या माणसाचं नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत नव्हतं. वा चँग हे त्यांचं नाव. जन्म १९१७, होनोलुलू. तरुणपणी डिस्नीकडे असताना त्यांनी ‘पिनोकिओ’ आणि ‘बॅम्बी’साठी सांधे हलणाऱ्या प्रतिकृती बनवल्या होत्या, म्हणजे चित्रकारांना हालचालींचा अभ्यास करता यावा. पुढे पोलिओ झाला, तरी हात थांबले नाहीत. स्टार ट्रेकचा ट्रायकॉर्डर, उघडझाप करणारा कम्युनिकेटर, सरड्यासारखा गॉर्न, हे सगळं त्यांच्या हातचं. पण ते कामगार संघटनेचे सदस्य नव्हते, त्यामुळे स्टुडिओला त्यांना उघडपणे कामावर ठेवता येईना. वस्तू विकत घेतल्या गेल्या, नाव मागे राहिलं. एखाद्या मूर्तिकाराने गणपती घडवावा आणि मंडळाच्या फलकावर त्याचा उल्लेखही नसावा, तशी ही गोष्ट आहे. ती मला अजून टोचते.

डॉक्टर मॅकॉयच्या उपकरणांचा जन्म तर आणखी साधा. पहिल्या प्रसारित भागात माणसाच्या शरीरातलं मीठ शोषून घेणारा एक प्राणी आहे. त्यासाठी मिठाच्या डब्या हव्या होत्या, म्हणून भविष्यातल्या वाटतील अशा तऱ्हेवाईक आकाराच्या डब्या बाजारातून आणल्या. मग लक्षात आलं की या मिठाच्या डब्या आहेत हे प्रेक्षकांना ओळखूच येणार नाही. चित्रीकरणाला साध्या डब्या वापरल्या, आणि त्या तऱ्हेवाईक डब्या मॅकॉयच्या हाती गेल्या. रोग्याच्या अंगावरून फिरवायचं नाजूक यंत्र म्हणून आपण श्वास रोखून ज्याकडे पाहिलं, ती जेवणाच्या टेबलावरची वस्तू होती.

हे सगळं चालतं कसं, हा प्रश्न चाहत्यांनी कधी सोडला नाही आणि निर्मात्यांनीही तो टाळला नाही. शोध घेण्याच्या मुळात दोनच तऱ्हा. एक, गप्प बसून जे येईल ते टिपायचं, दुर्बिणीसारखं. दुसरी, आपण हाक मारायची आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची, रडारसारखं. दुसऱ्या तऱ्हेला अंतर फार महागात पडतं. लहर जाताना पसरते आणि परतताना पुन्हा पसरते, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की परतणारा संकेत सोळावा हिस्सा उरतो. शिवाय वेगाची अडचण. प्रकाशापेक्षा वेगाने धावणाऱ्या यानाने पुढे सोडलेल्या साध्या रडारलहरीला ते यानच मागे टाकेल. म्हणून कथेत ‘सबस्पेस’ आला. नेहमीच्या अवकाशाखालचा हा एक कल्पित थर; त्यातून लहरी प्रकाशाला मागे टाकून जातात. रिक स्टर्नबाक आणि मायकेल ओकुडा यांनी १९९१ साली पुढच्या पिढीच्या एन्टरप्राइझची तांत्रिक पुस्तिकाच काढली. तिच्यात लांब पल्ल्याच्या सेन्सरची बारकाव्याने पाहण्याची मर्यादा ५ प्रकाशवर्षं दिली आहे, आणि अंधुक पाहण्याची सुमारे १७. आपल्या सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी तारा ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. आपल्या दुर्बिणीला तो चार वर्षांपूर्वीचा दिसतो. त्या यानाला तो आजचा दिसेल. मर्यादा आखून देण्यातला हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. जादूच्या आरशाला पल्ला नसतो, यंत्राला असतो.

आणि खरी गंमत तिथेच सुरू होते, जिथे हा पल्ला संपतो.

१५ डिसेंबर १९६६ रोजी दाखवलेल्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागात रोम्युलन लोकांचं यान स्वतःला अदृश्य करून घेतं. पडद्यावर काही नाही, डोळ्यांना काही नाही. पण हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर एक ठिपका सरकताना दिसतो. कुणीतरी आहे, एवढंच कळतं. कोण, किती मोठं, तोंड कुठे, काही नाही. मग पाणबुडीपटात असतं तसं सुरू होतं. दोन्ही याने यंत्रं बंद करून तासन्‌तास निपचित पडून राहतात, आणि दुरुस्ती करताना स्पॉकचा हात चुकून एका कळीला लागतो तेव्हा आपला जीव घशाशी येतो. त्या रोम्युलन यानाची प्रतिकृतीही वा चँग यांनीच घडवली होती. शोधणारी पेटी आणि सापडू न देणारं यान, दोन्ही एकाच कारागिराची.

याहून थोर भाग म्हणजे ‘द डेव्हिल इन द डार्क’, मार्च १९६७ मधला, जीन कून यांनी लिहिलेला. जेनस-सहा नावाच्या ग्रहावर खाण आहे. भुयारांत कुणीतरी माणसं मारतंय, पन्नासाहून जास्त खाणकामगार मेलेत. एन्टरप्राइझची उपकरणं दूरवरून जीव ओळखतात, पण ती ओळखतात आपल्यासारखे, कार्बनचे जीव. स्पॉकला शंका येते की हा जीव सिलिकॉनचा असेल. तो ट्रायकॉर्डर सिलिकॉनसाठी जुळवून घेतो, आणि जिथे नुसता दगड होता तिथे जीव उमटतो. पुढे कळतं की खाणकामगार भुयारांतून जे गोल दगड फोडत होते, ती त्या जीवाची अंडी होती. ती आई होती. पिल्लांसाठी लढत होती.

कामगार काही क्रूर नव्हते. त्यांच्या यंत्रांना विचारलेल्या प्रश्नात ती बसत नव्हती, एवढंच. तो भाग संपल्यावर कितीतरी वेळ मी त्या फुटलेल्या गोळ्यांचाच विचार करत होतो.

ही कल्पना नुसती कथेत राहिली नाही. नऊ वर्षांनी, १९७६ च्या उन्हाळ्यात, नासाची दोन व्हायकिंग याने मंगळावर उतरली. त्यांच्यावर जीवशोधाचे तीन प्रयोग होते. त्यांतल्या एकात, जो गिल्बर्ट लेव्हिन यांचा होता, मातीला किरणोत्सारी कार्बन मिसळलेलं पोषक पाणी पाजलं. कुणी ते खाल्लं तर वायू बाहेर पडेल, असा हिशेब. वायू बाहेर पडला. पण त्याच यानावरचं दुसरं उपकरण माती तापवून सेंद्रिय रेणू शोधत होतं आणि त्याला मंगळाचे म्हणावेत असे काही सापडेनात. रेणूच नाहीत तर जीव कसला, म्हणून बहुतेकांनी प्रकरण मिटवलं. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. हे क्षार तापवले की शेजारचे सेंद्रिय रेणू जळून जातात. म्हणजे व्हायकिंग जे शोधत होतं ते शोधण्याच्या कृतीतच नष्ट झालं असण्याची शक्यता आहे. लेव्हिन २०२१ मध्ये गेले, अखेरपर्यंत आपल्या निकालावर ठाम राहून. मंगळावर जीव आहे असं यावरून म्हणता येत नाही. पण मला हे वाचताना दर वेळी जेनस-सहावरची ती खाण आठवते.

मॅकॉयच्या ट्रायकॉर्डरसाठी खऱ्या जगात एक मोठी स्पर्धाही झाली. १ कोटी डॉलरची ही स्पर्धा २०१२ साली जाहीर झाली. घरच्या घरी अनेक आजार ओळखणारं, हातात मावेल असं उपकरण बनवायचं होतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरच्या चमूला पहिलं आणि तैवानच्या चमूला दुसरं बक्षीस मिळालं, पण सगळ्या अटी कुणालाच पुऱ्या करता आल्या नाहीत. मिठाच्या डबीला ते किती सोपं होतं!

कक्षेतून ‘जीवलक्षणं’ तपासण्याचा स्पॉकचा प्रयोग माणसाने खरोखर एकदा केला आहे. तोही ज्याचं उत्तर माहीत आहे अशा ग्रहावर. गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान ८ डिसेंबर १९९० रोजी वेग घेण्यासाठी पृथ्वीजवळून, सुमारे ९६० किलोमीटरवरून गेलं. कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी ठरवलं की आपल्याला पृथ्वीबद्दल काहीच ठाऊक नाही असं समजून फक्त यानाच्या नोंदी वाचायच्या. हवेत ऑक्सिजन भरपूर सापडला. सोबत मिथेनही, जो ऑक्सिजनच्या संगतीत दहा-बारा वर्षांत संपून जायला हवा. म्हणजे कुणीतरी तो सतत तयार करत होतं. जमिनीवरचा कुठलासा पदार्थ तांबडा प्रकाश गिळत होता, कुठल्याही दगडाला जमणार नाही अशा रीतीने. ते हरितद्रव्य होतं. १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये हा शोधनिबंध आला.

कॅमेऱ्यांनी जवळून टिपला तो ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका. त्या चित्रांत माणसाची कसलीही खूण ठामपणे ओळखता आली नाही, ना शहर, ना रस्ता. आपण सापडलो ते दुसऱ्याच ठिकाणी. रात्रीच्या बाजूने यान जवळ येत असताना एका उपकरणाने अरुंद पट्ट्यातल्या, ठरावीक चढउताराच्या रेडिओलहरी नोंदवल्या, आणि निसर्गात तशा लहरी होत नाहीत. ते उपकरण यानावर बसवलं होतं गुरूभोवतीच्या प्लाझ्मालहरी ऐकण्यासाठी.