मुखवट्यामागचे डोळे

भयपट पाहावयास बसणारा मनुष्य मनाशीं कांहीं अपेक्षा बांधूनच बसतो. काळोखी रात्र, करकरणारें दार, एकाएकीं उठलेली किंकाळी. एवढें मिळालें कीं त्याचें समाधान होतें. जॉर्ज फ्रांजू या दिग्दर्शकाचा १९६० सालचा फ्रेंच बोलपट ‘लेझ्यो सां व्हिजाज’, म्हणजे ‘चेहऱ्यावांचून डोळे’, प्रथमच पाहणाऱ्याची मात्र आरंभींच फसगत होते. रात्र आहे, निर्मनुष्य रस्ता आहे, एक बाई मोटार हांकीत आहे, आणि मागच्या बैठकीवर टोपी-कोट घातलेली एक आकृति कलंडलेली आहे. तें प्रेत आहे हें लवकरच कळतें. परंतु मोरिस जार यांचें संगीत वाजत असतें तें जत्रेंतल्या फिरत्या लांकडी घोड्यांना शोभावें असें. भीति कोठून येणार, याचा प्रेक्षकाचा अंदाज येथेंच चुकतो.

कथा थोडक्यांत अशी. पॅरिसमधील डॉ. जेनेसिए या नामांकित शस्त्रवैद्याच्या हातून मोटारीचा अपघात होतो आणि त्याच्या तरुण मुलीचा, क्रिस्तियानचा, चेहरा नाहींसा होतो. डोळे तेवढे वांचतात. ती मेली असें जगाला भासवून डॉक्टर तिला घरांत दडवून ठेवतो, आणि परक्या मुलींना फसवून आणवून त्यांच्या चेहऱ्याची कातडी हिच्या चेहऱ्यावर बसवूं पाहतो. हा मनुष्य वेडा नाहीं. तो शांत आहे, विद्वान आहे, आणि मुलीवर त्याची माया आहे. नेमक्या याच गोष्टीनें अंगावर कांटा येतो.

फ्रांजूनें १९४९ सालीं पॅरिसच्या कत्तलखान्यांवर एक अनुबोधपट काढला होता. तीच थंड, सरळ नजर शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत आहे. पेन्सिलीनें चेहऱ्याभोंवतीं रेघ आंखली जाते, तिच्यावरून शस्त्र फिरतें, डॉक्टरच्या कपाळावरचा घाम टिपला जातो, आणि कॅमेरा तोंड फिरवीत नाहीं. १९६० सालीं एडिंबरोच्या चित्रपट-महोत्सवांत सात प्रेक्षकांना मूर्च्छा आल्याचें सांगतात. अमेरिकेंत १९६२ सालीं कांटछांट होऊन हा बोलपट आला, तो ‘डॉ. फाउस्टसचें भयगृह’ अशा अर्थाच्या नांवानें. चित्रांत फाउस्टस नांवाचें कोणीहि नाहीं, ही गोष्ट वेगळी!

त्याहून जिवाला लागतो तो पुढचा भाग. नवा चेहरा मिळालेली क्रिस्तियान कांहीं दिवस सुंदर दिसते. मग एकामागून एक छायाचित्रें येतात, आणि कातडी कशी काळवंडत, कुजत गेली याची नोंद कोरड्या आवाजांत ऐकूं येते. येथें शास्त्राशीं प्रतारणा नाहीं. परक्या देहाची कातडी शरीर स्वीकारीत नाहीं, उलट तिच्यावर हल्ला चढवितें. हा प्रतिकार औषधांनीं दाबतां येऊं लागल्यावर २००५ सालीं फ्रान्समध्येंच, आमियां येथें, एका स्त्रीला मृत दात्रीच्या चेहऱ्याचा भाग बसविण्यांत आला. पण मृताच्या कुटुंबाच्या संमतीनें. आजच्या प्रेक्षकाला म्हणूनच शस्त्रापेक्षां चोरी अधिक भिववते.

बहुतेक वेळ क्रिस्तियानच्या तोंडावर गुळगुळीत पांढरा मुखवटा असतो. एदित स्कोब या नटीला हंसून किंवा रडून दाखवितां येत नाहीं. मान कलती करणें, हळू पावलें टाकणें आणि डोळे, एवढ्यांवरच तिला सारें सांगावें लागतें. मुखवट्याखालचा चेहरा एकदांच, तोहि शुद्धीवर येणाऱ्या एका बळी मुलीच्या नजरेंतून, अस्पष्ट दिसतो. डॉक्टरनें प्रयोगांसाठीं कुत्रे कोंडून ठेवलेले आहेत. क्रिस्तियान त्यांच्या पिंजऱ्यांपाशीं जाते, त्यांना जवळ घेते. त्यांना त्या मुखवट्याची भीति वाटत नाहीं. तिच्या हातून पुढें काय घडतें, तें प्रथम पाहणाऱ्यास आधीं सांगणें बरें नव्हे.