माडावर चढणारे खालचे

लक्षद्वीपमध्ये एके काळी उंदरांची सामुदायिक शिकार होत असे. दिवस ठरलेला, बेटावरच्या पुरुषांना हजेरी सक्तीची आणि जो यायचा नाही त्याला दंड. इंग्रज अधिकाऱ्यांच्या जुन्या लिखाणात या शिकारीची वर्णनं आहेत. माडाच्या शेंड्यात घर करून बसलेले उंदीर कोवळे नारळ पोखरत, आणि बेटाचं सगळं पोट त्या नारळावर. मग काही जण सरसर वर चढत, झावळ्या झोडपून उंदीर खाली पाडत आणि बुंध्याशी काठ्या घेऊन उभे असलेले लोक त्यांचा फडशा पाडत. वर कुणी चढायचं आणि खाली कुणी उभं राहायचं, हे मात्र त्या दिवशी ठरत नसे. ते जन्मानंच ठरलेलं असे. माडावर चढणं हे मेलाचेरींचं काम. सर्वांत उंचावर जाणारे हे लोक बेटाच्या उतरंडीत सर्वांत खालचे.

ही बेटं केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते चारशे किलोमीटरवर आहेत. सगळी मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, त्यातली वस्तीची बेटं दहा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ भरली. बित्र नावाच्या बेटावर तर अवघी २७१ माणसं होती. आपल्याकडच्या एखाद्या गृहसंकुलात याहून जास्त राहतात. जवळपास सगळे बेटकर सुन्नी मुसलमान. मिनिकॉय सोडलं तर बोलीही एकच, मलयाळमच्या पोटातली जसरी. बाहेरून पाहणाऱ्याला इथे भेद करायला जागाच दिसत नाही.

पण जागा होती. जमीन आणि ओडम, म्हणजे मुख्य भूमीशी व्यापार करणारी शिडाची जहाजं, कोया या सर्वांत वरच्या गटाच्या मालकीची. ती हाकारणारे मालमी. नारळ उतरवणं, माडी काढणं, ओझी वाहणं मेलाचेरींकडे. कोया आपलं मूळ केरळातल्या वरच्या जातींत सांगत. सातव्या शतकात उबैदुल्ला नावाचे संत आले आणि त्यांनी बेटांना इस्लामची दीक्षा दिली, अशी परंपरा आहे. त्यांची कबर आंद्रोत बेटावर आहे. दीक्षा सगळ्यांना मिळाली, पायऱ्या जागच्या जागी राहिल्या. मेलाचेरींनी छत्री वापरायची नाही, पायांत वहाण घालायची नाही, असे निर्बंध होते. स्वतःचं ओडम बाळगणं तर दूरच. हे वाचताना मराठी वाचकाला वेगळं काही समजावून सांगायची गरज नाही.

या उतरंडीला खरा टेकू होता तो तांदळाचा. बेटावर भात पिकत नाही. सुंभ द्यायचं आणि तांदूळ घ्यायचा, हा बेटांचा जुना व्यवहार. कण्णूरच्या अरक्कल घराण्यानं या सुंभाच्या व्यापाराची मक्तेदारीच करून टाकली आणि पुढे इंग्रजांनी तीच चालवली. सोडणं खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवायचं, बायकांनी ते बडवून वळायचं आणि ओडमनं किनाऱ्याला पोचवायचं. ओडम ज्याचं, त्याच्या हातात घराघरांतली चूल. जमिनीचा व्यवहारही तसाच होता. ‘नडप्पू’ पद्धतीत कोयाच्या जमिनीवरचे माड कुळानं राखायचे आणि बदल्यात पैसे नव्हे तर चाकरी द्यायची: ओडमवर खलाशी म्हणून जायचं, मालकाचं घर शाकारून द्यायचं, लग्नकार्यात राबायचं. १९६५ च्या जमीन महसूल आणि कुळवहिवाट विनियमानं या चाकरीच्या मुळावर घाव घातला. माझ्या मते बेटावरची खरी क्रांती ती. पुढे यांत्रिक होड्या, सरकारी जहाजं, शाळा आणि नोकऱ्या आल्या, तशी ओडमवाल्यांची मिरास आपोआपच ओसरली.

मिनिकॉयची गोष्ट जरा निराळी आहे. ते मालदीवच्या बाजूचं, महल बोलणारं बेट. तिथे माणिकफान, ठाकरूफान, ठाकरू आणि रावेरी अशा चार पायऱ्या होत्या. ‘सिंदबादचं जहाज’ बांधणारे अली माणिकफान आपल्याकडे वर्तमानपत्रांतून माहीत आहेत. साहसी प्रवासी टिम सेव्हेरिन यांच्या मस्कत ते चीन या सफरीसाठी ‘सोहार’ हे दोरीनं शिवलेलं जहाज त्यांच्या देखरेखीखाली उभं राहिलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावातलं ‘माणिकफान’ ही त्या उतरंडीतली सर्वांत वरची पायरी.

या बेटांचं घर कसं चालतं हे नीट मांडलं ते एका मराठी बाईंनी. लीला दुबे, माहेरच्या आंबर्डेकर. गायिका सुमती मुटाटकर यांच्या धाकट्या भगिनी. त्यांचं ‘मॅट्रिलिनी अँड इस्लाम’ हे पुस्तक १९६९ साली आलं. त्यामागचं कल्पेनी बेटावरचं क्षेत्रकार्य ए. आर. कुट्टी यांचं. मुसलमान समाज आणि मातृवंश एकत्र नांदतात कसे, हा बाईंचा प्रश्न होता. उत्तर बेटकरांनी वारांमध्ये शोधून ठेवलं होतं. ‘शुक्रवारची मिळकत’ म्हणजे तरवाडाची, अर्थात आईकडून चालत आलेल्या एकत्र घराण्याची. तिची वाटणी नाही, ती लेकींच्या वंशातच राहायची. ‘सोमवारची मिळकत’ म्हणजे माणसानं स्वतः कमावलेली. ती शरियतप्रमाणे मुलांना जाऊ शकते. नवरा स्वतःच्या आईच्या घरी जेवायचा, रात्री बायकोच्या घरी जायचा आणि सकाळी परतायचा. मुलं आईच्या तरवाडाची. माणूस कुणाचा, याचं उत्तर द्यायला बापाचं नाव लागत नसे.

मग दिल्लीनं या सगळ्यांवर एकच शिक्का मारला. केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या अनुसूचित जमातींच्या आदेशात इथे एकाही जमातीचं नाव नाही. जो स्वतः या बेटांवर जन्मला आणि ज्याचे आई-बाप दोघेही इथेच जन्मले, तो अनुसूचित जमातीचा. कोया, मालमी, मेलाचेरी, माणिकफान, रावेरी सगळे एका ओळीत. २०११ मध्ये जवळजवळ ९५ टक्के लोकसंख्या या व्याख्येत बसली. लोकसभेची एकुलती एक जागाही जमातींसाठी राखीव, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या नातवाला आणि जुन्या कुळाच्या नातवाला आरक्षणाचा हक्क सारखाच. (याच जागेवरून २०१४ आणि २०१९ मध्ये मोहम्मद फैजल ‘घड्याळा’वर निवडून आले, राष्ट्रवादीचं घड्याळ बारामतीपासून इतक्या लांब चालत होतं.) खालच्यांना या शिक्क्यानं काहीच मिळालं नाही असं नाही, शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या मिळाल्या. पण कोण किती मागे होतं हे विचारायची सोय त्यात नाही. ते आता लग्न ठरवताना विचारलं जातं, घराण्याचं नाव काढून.

शिक्क्याचा दुसरा अर्थ बाहेरच्यांसाठी. १९६७ च्या नियमांनुसार बाहेरच्या भारतीयालाही इथे उतरायला परवाना लागतो आणि बेटकराची जमीन बाहेरच्याच्या हाती जाऊ नये म्हणून १९६४ पासून वेगळा विनियम आहे. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या मसुद्यात जमीन ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार दिसले, तेव्हा ७ जूनला बेटकरांनी घरोघरी बारा तासांचं उपोषण केलं; काहींनी समुद्राच्या तळाशी जाऊन फलक धरले. त्या दिवशी वरचा कोण आणि खालचा कोण, याला महत्त्व उरलं नव्हतं.

व्याख्येतली मेख मात्र वेगळ्याच ठिकाणी निघाली. बाळंतपण अवघड झालं की बाईला कोचीला हलवायचं, हे बेटांवर नित्याचं. म्हणजे मूल जन्मलं मुख्य भूमीवर, आणि अक्षरार्थानं ते जमातीबाहेर! २००८ च्या दुरुस्ती कायद्यानं ती चूक सावरली: बेटकरांचं मूल बाहेर जन्मलं, पण कायमचं बेटावर राहायला आलं, तर ते बेटावर जन्मल्यासारखंच मानायचं. दोन्ही पालकांची अट मात्र कायम आहे. बेटावरच्या मुलीनं मलबारच्या मुलाशी लग्न केलं तर तिचं मूल तरवाडाच्या हिशेबात पुरतं घरचं. आईचं घर ते त्याचं घर. सरकारच्या हिशेबात त्याला जमातीचा दाखला नाही, शिष्यवृत्ती नाही, बेटाच्या त्या एकुलत्या जागेवरून लोकसभेला उभंही राहता येत नाही. तरवाड फक्त आई कोण हे विचारतं. तहसील कार्यालय बापाचाही जन्मदाखला मागतं.