याले सैलानीच्या गाडीत बसवा!

चिखलीतली चहाची टपरी. चौघं बसलेत. सोयाबीनच्या भावावरून एकाचा पारा चढतो, हातवारे करत तो बोलतच सुटतो. दुसरा कपातला शेवटचा घोट घेतो आणि थंडपणे म्हणतो, "अरे, याले सैलानीच्या गाडीत बसवा रे कोणी!" हशा पिकतो. चिडलेलाही हसतो. सोयाबीन तिथंच राहतं.

आता या वाक्याकडे जरा निरखून बघा. त्यात वेड हा शब्द नाही, आजाराचं नाव नाही, शिवी तर नाहीच. नुसतं एक ठिकाण आणि एक गाडी. तरीही बुलढाणा, जालना, वाशीम या भागात त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. पुणेकरासाठी हेच काम येरवडा करतं, मुंबईकरासाठी ठाणं, कोकणात रत्नागिरी, उत्तरेत आग्रा नाहीतर रांची. गावाचं नाव घेतलं की समोरचा वेडा ठरला! ही काय जादू आहे?

विनोद करणारा खरं तर फार थोडं बोलतो. तो रांगोळीचे ठिपके टाकतो, रेघा ऐकणाऱ्याने जोडायच्या असतात. सैलानीला कोण जातं, त्यांना का नेतात, तिथं नेलेल्या माणसाच्या बोलण्याला किती किंमत असते, हे सगळं ऐकणारा स्वतःच्या डोक्यातून काढतो, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणून तर विनोद समजावून सांगितला की मरतो. आणि म्हणूनच हसणारा नुसता प्रेक्षक नसतो. 'डोकं फिरलेल्याचं ऐकायचं नसतं, त्याला उचलून न्यायचं असतं' हे वाक्य टपरीवर कुणीच उच्चारलेलं नाही, पण हसू येण्यासाठी ते चौघांनाही मान्य असावं लागतं. सोयाबीनवाल्याचा मुद्दा कदाचित अगदी बरोबर होता. आता तो कुणी ऐकणार नाही.

बरं, मग हसू येतं तरी का? अमेरिकेतल्या पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी 2010 साली एक सुटसुटीत उत्तर मांडलं. एखादी गोष्ट खटकली पाहिजे आणि त्याच क्षणी ती निरुपद्रवीही वाटली पाहिजे. नुसतं खटकलं तर राग येतो, नुसतं निरुपद्रवी असेल तर जांभई येते. दोन्ही एकदम जुळलं की हसू फुटतं. टपरीवरचा मित्र ठणठणीत आहे हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून विनोद 'चालतो'. आता हेच वाक्य, शब्दाचाही फरक न करता, अशा घरात म्हणून बघा जिथला पोरगा तीन आठवडे झोपलेला नाही आणि भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी बोलतोय. कोण हसेल?

म्हणजे 'हा विनोद बोचतो की नाही' या प्रश्नाचं उत्तर वाक्यात शोधून सापडणारच नाही! ते ऐकणाऱ्याच्या घरात असतं. आणि टपरीवर शेजारच्या बाकड्यावर कोण बसलंय, त्याच्या घरी काय चाललंय, हे विनोद करणाऱ्याला बहुतेकदा माहीत नसतं.

त्यात हसणं ही भारी संसर्गजन्य चीज. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या शास्त्रज्ञाने बाजारात, रस्त्यात, कॉलेजात कान देऊन हसण्याचे 1,200 प्रसंग टिपले. त्यातले फार थोडे खऱ्या विनोदानंतरचे निघाले. बाकी सगळे 'बरं मग, भेटू' छापाच्या वाक्यांवर. एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस सुमारे तीसपट जास्त हसतो, असंही त्याला आढळलं. याचा अर्थ आपण बरेचदा विनोदाला नाही, सोबतीला हसतो. शेजारच्या बाकड्यावरचा माणूसही हसतो. त्याला काय लागलं, ते त्याच्या हसण्यावरून ओळखता येत नाही.

आता ज्या गाडीचा विनोद झाला, ती जिथं जाते तिथं जाऊ. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईजवळ हाजी अब्दुर रहमान ऊर्फ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास इथं यात्रा भरते, लाखोंनी माणसं येतात, हिंदू-मुसलमान असा भेद न ठेवता. नारळांची होळी पेटते. एक-दोन नव्हे, ढिगाने नारळ, आणि त्यांच्याबरोबर आजारी माणसाच्या अंगावरचे कपडेही, म्हणजे पीडा त्यांच्यासोबत जळून जावी. गर्दीत कुणाची तरी आई असते. मुलाच्या दंडाला घट्ट धरलेलं, पिशवीत दोन दिवसांच्या भाकऱ्या, आणि तोंडी एकच वाक्य: "बाहेरचं झालंय त्याला."

हे वाक्य ऐकून शिकलेली माणसं हसतात. मी म्हणतो, थोडं थांबा, यात केवढी हुशारी आहे ती बघा! 'बाहेरचं' म्हटलं की दोष पोराचा राहत नाही, आईच्या संगोपनाचा राहत नाही, घराण्याच्या रक्ताचा तर नाहीच. कुणीतरी आलंय, ते जाईल, पोरगा आपला होता तसा मिळेल. पोराच्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडत नाही. याउलट मानसोपचारतज्ज्ञाच्या पाटीखाली उभं राहिलेलं कुणी पाहिलं तर? गावभर हसं. दर्ग्याची वाट शंभर किलोमीटरची असली तरी लाजेच्या हिशेबात ती जवळ पडते, आणि तालुक्याच्या दवाखान्याची वाट लांब.

पण गंमत अशी की विनोदाने तीही वाट सोडली नाही. हसं होऊ नये म्हणून माणसं ज्या ठिकाणी गेली, त्या ठिकाणाचं नावच हसण्याचं कारण झालं. लंडनमध्ये अगदी असंच घडलं होतं. 1247 साली स्थापन झालेल्या बेथलेम या संस्थेत पुढे मनोरुग्णांना ठेवू लागले. लोकांनी तिचं नाव घासून 'बेडलम' केलं, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ झाला नुसता गोंधळ. अठराव्या शतकात तर सुटीच्या दिवशी लोक आतले रुग्ण बघायला जात, सर्कशीला जावं तसे. मोकाट येणाऱ्या या प्रेक्षकांना आळा बसायला 1770 साल उजाडावं लागलं. नागपूरचं मनोरुग्णालय 1864 चं, ठाण्याचं 1901 चं. आपल्या विनोदांची वयं त्याहून फार मागे जात नसतील, कारण नाव घ्यायला आधी इमारत लागते.

मग त्याआधी वऱ्हाडात चमत्कारिक वागणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघत? इथं मात्र आपला मुलूख खरोखरच चकित करतो. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभू होऊन गेले, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यात ते मनाला येईल तिथं खेळतात, कुणाच्याही घरात शिरून खातात, असंबद्ध बोलतात. गावकरी त्यांना सरळ वेडे, पिसे म्हणतात, हसतात, वैतागतात, आणि अडचण आली की त्यांच्याकडेच धावत जातात. 'वेडे' म्हणणं आणि पाया पडणं, दोन्ही एकाच तोंडाने!

आणि बुलढाणा जिल्ह्यातच, शेगावात, 23 फेब्रुवारी 1878 रोजी एक तरुण टाकून दिलेल्या पत्रावळीतली शितं वेचून खाताना दिसला. असं दृश्य पाहून बहुतेक लोक काय म्हणतील ते उघड आहे. बंकटलाल अगरवाल आणि दामोदरपंत थांबून बघत राहिले, त्यांनी आपसांत विचार केला आणि हा वेडा नव्हे असं ठरवलं. आज गजानन महाराजांच्या दर्शनाच्या रांगेत उभं राहताना हा सुरुवातीचा क्षण आठवावा. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: हसून पुढे जाणं सोपं होतं, आणि दोन माणसं थांबली. प्रत्येक विचित्र वागणाऱ्यात संत असतो असं माझं म्हणणं नाही. बहुतेकांना संतपद नको असतं, झोप हवी असते.

आता या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत थक्क करणारा भाग. विनोद आणि आजार यांच्यात आधी काय येतं?

विनोद! कायम विनोद. ब्रूस लिंक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात ही गोष्ट उलगडून दाखवली. वेड्यांना लोक कसं वागवतात, हे आपण लहानपणीच शिकून बसतो, स्वतःला काहीही झालेलं नसताना. चौथीतला पोरगा 'सैलानीची गाडी' ऐकतो, खो खो हसतो, दुसऱ्या दिवशी वर्गात मित्रावर वापरतो. त्यात त्याचा काही दोष नाही, त्याच्यासाठी ते फक्त मजेदार वाक्य आहे. ते डोक्यात कुठंतरी पडून राहतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की आयुष्यात ज्यांना म्हणून मानसिक आजार होतात, त्यांतल्या निम्म्यांचा आजार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो आणि तीन-चतुर्थांशांचा चोविसाव्यापर्यंत. म्हणजे विनोद शिकल्यानंतर जेमतेम काही वर्षांत! पोरगा अठराचा होतो, कॉलेजात जातो, रात्री झोप उडते, आवाज ऐकू येऊ लागतात. आणि त्याच्या आजाराबद्दल त्याला जी एकमेव गोष्ट माहीत असते, ती तोच विनोद असतो. त्याला कुणी हसायच्या आधी तो स्वतःच स्वतःला त्या गाडीत बसवून मोकळा होतो. मग तो कुणाला सांगेल?

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं की आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. सगळा दोष विनोदाच्या माथी मारणं वेडगळपणाचं ठरेल (बघा, शब्द किती सहज येतो!). डॉक्टर कमी आहेत, पैसा नाही, बस वेळेवर नाही. पण जिथं डॉक्टर आहे आणि बसही आहे, तिथंही उंबऱ्याशी पाय अडतात, त्याचं काय?

'पण आम्ही गमतीने म्हणतो, मनात काही नसतं.' हे अगदी प्रामाणिकपणे म्हटलं जातं, आणि त्याची तपासणीही झाली आहे. थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांनी 2008 साली काही पुरुषांना बायकांवरचे टोमणेबाज विनोद वाचायला दिले, काहींना साधे विनोद, आणि नंतर स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेला किती पैसे द्याल असं विचारलं. ज्यांच्या मनात आधीपासून अढी नव्हती, त्यांच्या उत्तरात फरक पडला नाही. ज्यांच्या मनात होती, त्यांचे हात टोमण्यांनंतर आखडले. विनोदाने नवी अढी घातली नाही, असलेलीला मोकळीक दिली! प्रयोग बायकांवरच्या विनोदांचा होता, पण मनोरुग्णांच्या बाबतीत यंत्रणा वेगळी असेल असं मला वाटत नाही. तुमच्या मनात खरंच काही नसेल. ज्याच्या मनात आहे, त्याला तुम्ही परवानगी दिलीत, एवढंच.

आणि त्या मनात काय काय असू शकतं, ते कायद्यांत वाचायला मिळतं. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं यांबद्दल आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडावर सरसकट बंदी घातली. टपरीवरच्या हशाने कुणाला साखळी घातली असं नाही. पण 'त्याचं ऐकायचं नसतं, त्याला न्यायचं असतं' हे जे न बोललेलं वाक्य हसताना मान्य झालं होतं, ते साखळी घालणाऱ्यालाही मान्य असावं लागतं.

मग काय, हसायचंच नाही? छे! आजारातून गेलेली माणसं स्वतःवर काय हसतात, हे एकदा ऐकायला हवं. कॅनडात डेव्हिड ग्रॅनिरर नावाचे समुपदेशक आहेत, स्वतः नैराश्यातून गेलेले. ते मानसिक आजार असलेल्यांना स्टँड-अप कॉमेडी शिकवतात आणि मंचावर उभं करतात. इथं ठिपके आजारी माणूस टाकतो, आणि जोडून झाल्यावर ऐकणाऱ्यांच्या लक्षात येतं की रेघा भलत्याच बाजूला गेल्या. हसू गोळ्यांवर, फॉर्मांवर, उपदेश करणाऱ्या काकांवर निघतं. 'त्याचं ऐकायचं नसतं' हे तिथं चालणारच नाही, कारण माईक त्याच्याच हातात आहे.

सैलानीचा एक जुळा भाऊ युरोपात आहे, हे कळल्यावर तर मी उडालोच. बेल्जियममधलं गील. संत डिम्फना हिच्या चर्चमध्ये मध्ययुगापासून लोक वेड उतरवायला आपल्या माणसांना आणत. चर्चमध्ये जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरात ठेवून घेतलं, जेवायला वाढलं, शेतावर कामाला नेलं. काही जण पन्नास-पन्नास वर्षं त्याच घरात राहिले. विसाव्या शतकात एका वेळी हजारो असे पाहुणे गावात होते, आणि ही पद्धत आजही थोड्या प्रमाणात चालू आहे. गावकरी त्यांना रुग्ण म्हणत नाहीत, बिऱ्हाडकरू म्हणावं तसं म्हणतात.

गीलवर विनोद नाहीत असं मात्र समजू नका. एक फार जुना आहे: अर्धं गाव वेडं, आणि उरलेलं अर्धवट. सैलानीच्या विनोदात हसणारे चौघं टपरीवर राहतात आणि गाडीत बसतो एकच. गीलच्या विनोदात टपरीवर कुणी उरतच नाही.