हिमाची गोधडी

चिखलात पाऊल रुतते. पण त्यावर फळी टाकली, की आपण सहज पलीकडे जातो. वजन तेच, मग फरक कशाचा? अर्थात दाबाचा. वजन जितक्या अधिक क्षेत्रफळावर पसरेल, तितका दाब कमी. वर्गात आपण हे शिकवतो. आम्हांला त्याचा पुरेपूर प्रत्यय आला, तो एका जानेवारीत, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रूक या प्रायोगिक जंगलात.

जंगलात गुडघ्याच्या वर भुसभुशीत हिम साचले होते. बुटाच्या तळव्याचे क्षेत्रफळ समजा २५० चौ.सेंमी. आहे. ६० किलोचा माणूस एका पायावर आला, की दर चौ.सेंमी.वर जवळजवळ पाव किलो भार येतो आणि पाय खोल जातो. म्हणून बुटाखाली 'स्नोशू' बांधतात. उत्तर अमेरिकेचे मूळ रहिवासी लाकूड वाकवून चौकट करीत आणि तीत चामड्याच्या वाद्या विणत. आता ॲल्युमिनियम व प्लॅस्टिक वापरतात. स्नोशूचे क्षेत्रफळ १२०० चौ.सेंमी. धरले, तर भार एकपंचमांशावर येतो.

मळलेली वाट सोडून आम्ही झाडीत शिरलो. उंदराच्या इवल्या पावलांची रांग रुपयाएवढ्या एका भोकाशी येऊन संपली होती. थोडे पुढे गेलो, तो पायाजवळचे हिम उसळले आणि तित्तिरासारखा एक पक्षी फडफडत बाहेर पडला. हा रफ्ड ग्राउझ. एवढ्या थंडीत हा हिमात शिरून का बसला होता?

उत्तर तापमापकाने दिले. हवेत उणे १८ अंश सेल्सिअस; हिमाखाली, जमिनीलगत, फक्त उणे १!

ताज्या हिमाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवेचा असतो. हवा उष्णतेची मंदवाहक. त्यात ती स्फटिकांमध्ये अडकलेली, म्हणजे अभिसरणही फारसे नाही. त्यामुळे जमिनीतली ऊब वर निसटत नाही. एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ चादरी अधिक ऊबदार का, याचे उत्तरही हेच. तळाशी हिमाचे कण सुटे, भरड होतात. त्यांत उंदीर व व्होल बोगदे करून हिवाळाभर वावरतात. पालापाचोळ्यात वुड फ्रॉग हा बेडूक निजलेला असतो. त्याच्या शरीरातील निम्म्याहून अधिक पाणी गोठते, हृदय थांबते. पेशींतील ग्लुकोजमुळे तो तगतो आणि वसंतात पुन्हा उड्या मारू लागतो. पण तापमान फार खाली गेले, तर तोही वाचत नाही.

परतताना आम्ही आमच्याच पावलांचे ठसे पाहिले आणि ओशाळलो. स्नोशूनेही हिम थोडे दबतेच. दबले की हवा निघून जाते, थंडी खाली पोचते आणि बोगदे बुजतात. एकाच जागी शंभर जण चालले तर काय होईल?

आणि हिम पडलेच नाही तर? याच जंगलात १९९७-९८ व १९९८-९९ या हिवाळ्यांत संशोधकांनी सुरुवातीचे काही आठवडे जमिनीवरचे हिम फावड्याने काढून टाकले. उघडी जमीन गोठली, झाडांची बारीक मुळे मेली आणि मातीतून नायट्रेट अधिक प्रमाणात वाहून गेले. हवामान तापले, की हिमाचा थर पातळ होतो. आणि थर पातळ झाला, की हिवाळ्यातली जमीन अधिक थंड पडू शकते! हबर्ड ब्रूकच्या दीर्घकालीन नोंदींत हिमाचा थर कमी होत गेलेला दिसतो. म्हणजे हा प्रश्न केवळ प्रयोगापुरता उरलेला नाही.

आपल्याकडे हिम नाही, पण कापूस आहे. दोन सारख्या बाटल्यांत गरम पाणी भरा. दोहोंना सारख्याच वजनाचा कापूस गुंडाळा; एकीवर पिंजून सैल, दुसरीवर दोऱ्याने करकचून. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. कोणते पाणी आधी निवेल? विद्यार्थ्यांना अंदाज आधी लिहायला सांगा आणि मग हिमाखालच्या उंदराची गोष्ट सांगा.